लहानपणीचं नाव

कोलशेत,
१० ऑगस्ट १९९९

हेमाताई,

फोन केलेला. तुमच्याकडे फोन अण्णांच्या उशाशी असतो हे विसरलेली. "सूनबाई कामात आहेत, तुमचं काम काय?" असं विचारलं त्यांनी, आणि मी कंपनीचं नाव घेतल्यावर ठेवूनच दिला. सासरे असावेत तर असे! म्हणून हे पत्र. हसू नकोस, शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाय.

तू गेल्यावर तुझ्या खुर्चीवर मला बसवलंय हे कळलंच असेल. खाली प्रिंटिंगला होते तेव्हा बरी होते गं. कागद अडकला की काढायचा, एवढंच डोकं. आता सबनीस साहेबांनी नवीन काढलंय. तू ते डिस्कांचं कपाट बसवून दिलेलंस ना, सगळ्या सर्व्हरचा माल एका जागी, आणि मधल्या स्विचमधून काचेच्या वायरीनं ज्याचा त्याला मिळणार, त्याला आणखी सात सर्व्हर जोडायचेत. दिवाळीच्या आत! जशी काय फराळाची ऑर्डर. नवा स्विच खोक्यात येऊन पडलाय, सोबत जाडजूड इंग्रजी पुस्तक. रोज घरी आणते, दोन पानं वाचते आणि झोपते. आय म्हणते, "कवरी रोडावलीस गो! त्या डब्यांना काय तुझं रगत पाजतस?"

आता कामाचं ऐक. हे नीट पार पडलं तर विभागात दुसरी जागा मंजूर करून आणतो असं साहेब माझ्या तोंडावर बोललेत. दुसरी जागा म्हणजे तू. मी त्यांना सरळ तुझं नाव सांगितलं. नाय म्हणाले नाहीत.

यायचंय ना तुला? खरं सांग. आणि मला काय काय करायचं ते लिहून पाठव, साध्या भाषेत, पुस्तकासारखं नको. तुझी ती सर्व्हरची नावं पण काय! आमच्याकडे हळदीला आलेलीस तेव्हा आयला माशांची नावं विचारत बसलीस आणि जाऊन मशीनांना ठेवलीस. पापलेट, सुरमई, बोंबील! स्वतः वांग्याच्या पुढे कधी गेली नायस. यादी उघडली की मला बाजारात बसल्यासारखं वाटतं.

सासूबाई कशा आहेत? बोलायला लागल्या का?

तुझी,
सरस्वती


चोळेगाव, ठाकुर्ली,
१६ ऑगस्ट १९९९

प्रिय सरस्वती,

तुझं पत्र पोस्टमनने दिलं तेव्हा मी आईंना कुशीवर वळवत होते. एका हाताने त्यांना धरलं आणि दुसऱ्या हाताने पत्र घेतलं, इतकी घाई मला झाली होती. नाही, बोलत नाहीत अजून. उजवी बाजू तशीच. डोळ्यांनी मात्र सगळं सांगतात: चहा कडक झाला, पडदा सरकव, तो माणूस मला आवडत नाही.

यायचंय का म्हणून काय विचारतेस? जानेवारीत राजीनामा दिला तेव्हा सगळे म्हणाले, चार-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. आता ते चार-दोन महिने कुणाला आठवत नाहीत. सकाळी सुधीरचा डबा, मग आईंची अंघोळ, मग अण्णांचं पथ्याचं, आणि दुपारी सगळं शांत झालं की मी नुसती भिंतीकडे बघत बसते. थकले म्हणायचीही लाज वाटते, कारण थकण्यासारखं तू काय करतेस असं कुणीतरी विचारेल. मला यायचं आहे, सरू. फार यायचं आहे. घरच्यांची संमती आहे, तेवढी काळजी तू करू नकोस.

आता काम. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कुठलंही मशीन जोडण्याआधी त्याची सीमा आखायची. म्हणजे स्विचला आधी सांगायचं की या मशीनने कपाटातल्या याच डिस्का बघायच्या, बाकीच्या त्याला दिसताच कामा नयेत. ही नवी मशीनं भलती आगाऊ असतात. जे दिसेल ते आपलंच समजतात, आणि कोरं करून टाकतात. तेव्हा आधी सीमा, मग वायर. उलटं कधीही करू नकोस.

दुसरं. नवं काही घालण्याआधी यादी झाडून घे. एखादं मशीन बदलून मोठं आणलं तरी त्याचं लहानपणीचं नाव यादीत तसंच पडून राहतं आणि डिस्का अडवून बसतं. तसलं नाव दिसलं की पुसून टाक आणि त्याच्या वाटच्या डिस्का नव्या मशीनला दे. माझ्या हातून एक राहून गेलंय, तू बघशील तेव्हा तुला कळेलच.

तिसरं, काचेच्या वायरीला घट्ट गाठ मारू नकोस, फार वाकवू नकोस. ती तुटते आणि वरून तुटलेली दिसतही नाही.

जेवतेस ना वेळेवर?

तुझी,
हेमा


कोलशेत,
१६ सप्टेंबर १९९९

हेमाताई,

झालं! म्हणजे सात नाय, पण पाच जोडले. दोन राहिलेत त्यांच्या कार्डांची बोंब आहे, मुंबईहून माणूस येणार.

महिनाभर पत्र नाय लिहिलं म्हणून रागावू नकोस. अंगात जीवच राहत नव्हता. सुतारानं फळी टाकायला म्हणून वायरीवर शिडी ठेवली, दोन वायरी गेल्या. साहेब मला ओरडले, मी सुताराला ओरडले, सुतार शिडीला ओरडला. कंपनी बंद असेल तेव्हाच स्विच बदलायचा असं ठरलं, आणि बंद कधी? गणपतीच्या दिवशी! आमच्या घरी गणपती बसतोय, सगळं गाव आरतीला, आणि मी त्या थंडगार खोलीत स्वेटर घालून. आय दोन दिवस बोललेली नाय माझ्याशी. आज गौरी आल्यात, आता जरा निवळलीय.

पण काम तू सांगितलंस तस्संच केलं. आधी सीमा, मग वायर. आणि यादी झाडली. ते लहानपणीचं नाव मी एका नजरेत ओळखलं हां! खोलीत मशीनं मोजली, यादीत एक नाव जास्ती. वर जिताडा, खाली खजुरी. मी म्हटलं, वा गं बामणीण, तुला बरं ठाऊक! खजुरी म्हणजे जिताड्याचं पोर. आमच्यात लहान असतो तोवर खजुरी म्हणतात, मोठा झाला की जिताडा. जुनी मशीन खजुरी, बदलून मोठी आणली तिचा जिताडा केलास, बरोबर ना? खजुरी पुसली आणि तिच्या डिस्का नव्या सर्व्हरला दिल्या. त्यानं लगेच कोऱ्या करून घेतल्या, कसली तक्रार नाय, काय नाय.

साहेब खूश आहेत. दुसऱ्या जागेचा कागद वर पाठवला म्हणाले. तू साड्या काढून ठेव.

रविवारपर्यंत मी घरीच आहे, सोमवारीही उशिरा जाणार. खूप झोपायचंय.

तुझी,
सरस्वती


ठाकुर्ली,
२८ सप्टेंबर १९९९

प्रिय सरू,

सबनीसांनी निस्तरायला बोलावलं, तीन दिवस तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि तरी आपलं बोलणं झालं नाही. सबनीस सतत पाठीशी उभे. म्हणून लिहिते.

तुझं पत्र सोमवारी सकाळी आलं. 'खजुरी पुसली' एवढं वाचलं आणि तीच ओळ पुन्हा वाचली. अगं, खजुरी म्हणजे पगाराचं मशीन! ते गेटजवळच्या टाइम ऑफिसात बसतं, म्हणून तुला खोलीत दिसलं नाही, आणि दहा-दहा दिवसांची हजेरी भरण्यापुरतंच चालू करतात, म्हणून कुणी बोंबही मारली नाही. तुझ्या आईने सांगितलेली नावं मी एकाखाली एक लिहून घेतली होती. खजुरी आणि जिताडा एकच हे मला कसं कळावं? मला ते दोन वेगळे मासे वाटले आणि दोन वेगळ्या मशीनांना मी ती नावं दिली. पुसायचं होतं ते बोंबलाचं जुनं नाव, यादीत बोंबील दोनदा आहे, मोजताना तू एकच धरलंस. बोंबील मीच बदलून मोठं आणलं होतं.

मी धावत जाऊन फोन केला. अण्णा उशाशीच बसलेले. तिकडे फोन सबनीसांनी उचलला आणि मी ओरडले, "सरस्वतीने खजुरी पुसलीय, पगाराच्या डिस्का गेल्या, त्या नव्या सर्व्हरला आत्ताच्या आत्ता थांबवा!" तू आलीस का, हे विचारायचं सुचलं नाही. तुझं नाव माझ्याच तोंडून गेलं, सरू. निदान तुझ्याशी आधी बोलायला हवं होतं.

पुढचं तुला ठाऊक आहे. ऑगस्टअखेरची नक्कल टेपवर होती म्हणून आपण वाचलो. सप्टेंबरची हजेरी त्या बिचाऱ्या कारकुनांना पुन्हा हाताने भरावी लागणार, आणि पगार लांबणार. गेटवर कामगार जमले होते, त्यांच्यामधून वाट काढत मी आत आले.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. पहिल्या दिवशी सबनीसांनी मला विचारलं, "पण हिने ते पुसलं कशाला?" आणि मी गप्प बसले. तू खाली टेप आणायला गेली होतीस. माझंच वाक्य होतं ना ते, लहानपणीचं नाव पुसून टाक म्हणून! ते सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण त्या दुसऱ्या जागेचा कागद वर गेलाय हे डोक्यात होतं आणि तोंड उघडलंच नाही.

घरी वेगळंच रामायण. मी तुला खोटं लिहिलं होतं, संमती वगैरे काही नव्हती, मी विचारलंच नव्हतं. फोनवरचं सगळं अण्णांनी ऐकलं. "म्हणजे अजून तिकडचाच संसार चालू आहे," म्हणाले. तीन दिवस आईंना शेजारच्या लक्ष्मीताईंनी सांभाळलं, सुधीरने रजा काढली नाही.

तुला फार बोलले का सबनीस? खरं सांग.

हेमा


कोलशेत,
४ ऑक्टोबर १९९९

हेमाताई,

गप्प बसलीस तेच बरं. सांगून काय होणार होतं? बोट तर माझंच होतं. आणि आयला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "तिला ईचारायला नको व्हतं का तू, की खजुरी म्हनजे कोन?" घ्या! आय पण तुझ्याच पार्टीतली.

साहेब बोलले थोडं. बोलणारच. माझं काम जरा हलकं केलंय, दुपारी घरी जेवायला जाते आता. झोप लागते. पगार झाले सगळ्यांचे, गेट शांत आहे.

ते वाक्य कुणाला सांगत बसू नकोस. जागा येईल तेव्हा गुपचूप ये.

सरस्वती


ठाकुर्ली,
११ ऑक्टोबर १९९९

सरू, अगं सरू,

सबनीसांचं पत्र आलं! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रुजू व्हायचं. जागा मंजूर झाली! तू वर्तवलं होतंस तसंच. पत्र मी तीनदा वाचलं आणि मग आईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. मी माझ्या सोयीचा अर्थ घेतला.

घरी मोठं भांडण झालं, ते होणारच होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी अण्णांसमोर आवाज चढवला. सुधीर आधी टीव्हीकडे बघत बसला, मग म्हणाला, "बाई ठेवू." एवढंच म्हणाला, पण म्हणाला! भीमाबाई म्हणून आहेत, हातही हळुवार आहे त्यांचा. आठवडाभर त्यांना सगळं शिकवतेय. मी इतकी दमलेय की उभ्याउभ्या डोळा लागतो, आणि तरी मन जाग्यावर नाही.

माझं टेबल कुठे टाकणार आहेत ते कळव. खिडकीपाशी असलं तर बरं, नाहीतर तुझ्या समोर चालेल. दोघी मिळून ती यादी आधी नीट करू.

तुझी,
हेमा


कोलशेत,
१५ ऑक्टोबर १९९९

ताई,

हे पत्र लिहायचं नाय असं ठरवलेलं. पण तू खिडकीपाशी टेबल मागतेस, आता काय करू मी?

दुसरी जागा वगैरे काय झालेली नाय. वरून कागद तसाच परत आला. तुला दिलीय ती माझी खुर्ची. मला पहिल्या तारखेपासून स्टोअर्सला टाकलंय. पिंपं मोजते आणि गाडी आली की पावती फाडते. काम हलकं झालं म्हणून लिहिलेलं ते हेच. साहेब म्हणाले, "तुम्हाला जबाबदारीचं काम झेपत नाही." झेपत नाय! सात सर्व्हर, ताई. ते उरलेले दोन पण मीच जोडले, स्टोअर्सला जायच्या आदल्या दिवशी. आजपर्यंत एक पण पडलेला नाय. आमच्या गल्लीत कुणी असलं काम केलेलं नाय. मी काय करते हे आयला समजत नाय, तरी बाजारात सांगत फिरायची, माझी पोर कंपनीत कंप्युटरच्या खोलीत बसते. आता स्टोअर्सची खिडकी रस्त्यावर आहे. पाटी घेऊन ती समोरून जाते आणि मी मान खाली घालते.

रडत लिहिलंय असं समजू नकोस. रागानं लिहिलंय. तुझ्यावर नाय, म्हणजे थोडा तुझ्यावर पण.

ये तू. तुला ती खुर्ची येते, मला शिकायला लागली. आणि ते वाक्य सांगू नकोस कुणाला, सांगितलंस तर दोघींचं जाईल, मग फायदा काय? ये आणि बस. फक्त टेबल खिडकीपाशी हलवू नकोस, तिथे एसीचं पाणी गळतं.

सरस्वती


ठाकुर्ली,
२१ ऑक्टोबर १९९९

सरस्वती,

काल मी आले होते. तुला भेटले नाही, मुद्दामच. स्टोअर्सच्या अंगाने न जाता मागच्या गेटने आले.

नवी साडी, डबा, सगळा थाट होता. भीमाबाईंनी ओवाळलंसुद्धा. सबनीसांनी चहा मागवला. मी म्हटलं, आधी माझं ऐका, आणि सगळं सांगितलं. नावं माझी, वाक्य माझं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा गप्प राहिले ती मीच. खजुरी मोठी झाली की जिताडा होते हे त्यांना समजावता समजावता माझा घसा कोरडा पडला. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे वाक्य तुमचं आणि बोट त्यांचं. मग दोघींपैकी मी ठेवू कुणाला?"

मी म्हटलं, तिला. तिने जोडलेली सातही मशीनं उभी आहेत. ती माझ्या शब्दावर विसंबली, पुन्हा कुणावर विसंबणार नाही. आणि मी म्हटलं, दुसरी जागा करा, आम्ही दोघी लागतो त्या कामाला. तसं ते म्हणाले, "जागा एकच आहे." माझं पत्र त्यांनी खणात टाकलं. चहा तसाच राहिला.

सोमवारपासून तू वर आहेस. तुला आज-उद्या सांगतील.

आता माझं ऐक, कारण हे एकदाच लिहिणार आहे. मी थोर आहे असं तुझ्या आईला सांगू नकोस. तुझ्यावर माया आहे म्हणून सोडलं असंही नाही. तुझं पत्र आल्यावर पूर्ण एक रात्र मी स्वतःला पटवत होते की जावं, गुपचूप बसावं, तूच तर म्हणतेस. जवळजवळ पटलंही होतं. काल त्या खोलीच्या दारातून आत बघेपर्यंत मला माहीत नव्हतं की मी काय बोलणार आहे. आणि बोलून झाल्यावर हलकं वगैरे वाटलं नाही. नुसता संताप आला. सबनीसांचा, अण्णांचा, तुझ्या त्या माशांचा, माझा स्वतःचा. दोन शहाण्या बायका लागतात इतकं काम आहे तिथे, आणि खुर्ची म्हणे एकच.

दुपारीच घरी परत आले. "लवकर कशा?" अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, अर्धाच दिवस होता. भीमाबाईंना काय सांगायचं ते अजून ठरत नाही. सुधीर म्हणाला, राहू देत महिनाभर, तूही जरा पडशील. बहुतेक ऐकेन त्याचं. फार दमलेय.

मला ती खुर्ची हवी होती, सरू. तुझ्याइतकीच हवी होती. तू तिच्यावर ऐटीत बस, कुणापुढे मान खाली घालू नकोस, पण हे विसरू नकोस.

आणि आभाराचं पत्र मात्र पाठवू नकोस. ते वाचून मला रडू येईल, आणि अण्णा विचारतील काय झालं.

हेमा